एका ओळीचा फरक

माझा नवरा मला डुप्लिकेट म्हणून सापडला.

हे मी चार बायकांत सांगितलं की सगळ्या खो खो हसतात, आणि आमचे हे तिथं असले तर बैलांना पाणी दाखवायला म्हणून उठून जातात. बैलांना तहान असो की नसो. पण गोष्ट खरी आहे. कॉम्प्युटरनं मला स्वच्छ सांगितलं होतं की हा माणूस दोनदा आला आहे, यातला एक काढा. मी एक काढला, एक ठेवला. ठेवलेल्यासोबत आजवर नांदून राह्यली आहे, आणि रोजची वादावादी धरूनही सांगते, मी सुखी आहे. ज्यांच्यामुळे हे झालं त्यांचे उपकार मानायचे राहून गेले होते, म्हणून हे लिहायला बसले.

काकांपासून सुरू करते. ते माझे सख्खे काका नव्हते, सगळं गावच त्यांना काका म्हणायचं. आर्णीच्या बसस्टँडजवळ त्यांचं टायपिंगचं दुकान होतं. समोर चहाची टपरी, बाजूला मोटरसायकल दुरुस्तीवाला, आणि मधल्या चिंचोळ्या गाळ्यात आमचे दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि सदा टूंटूं करणारी बॅटरी. बी.ए. झाल्यावर घरी बसून काय करू म्हणून मी मराठी टायपिंग शिकले, आणि काकांनी मला कामावर ठेवलं. लग्नपत्रिका, शाळेच्या प्रश्नपत्रिका, हॉटेलचे भावफलक, जे येईल ते.

ते कापसाचे वाईट दिवस होते. आमच्या जिल्ह्याचं नाव तेव्हा रोज पेपरात यायचं, आणि काहून यायचं ते इथं पुन्हा सांगायला माझी जीभ वळत नाही. दुकानात तेरवीच्या पत्रिकांचं काम वाढलं होतं. तरण्या माणसांच्या तेरव्या. पण त्यातली एकही पत्रिका मी टाइप केलेली नाही. तसा कागद घेऊन कोणी पायरी चढलं की काका उठून तो माझ्या हातून काढून घेत. "तू लग्नाचं कर, बाई," म्हणत आणि आपल्या मशीनवर जाऊन बसत. तेव्हा मला वाटायचं, यांना माझ्या टायपिंगचा भरवसा नाही की काय! अक्कल यायला वेळ लागतो.

त्या हिवाळ्यात आमच्या समाजाच्या मंडळानं वधू-वर परिचय पुस्तिकेचं काम काकांना दिलं. मेळावा कळंबला व्हायचा होता आणि पुस्तिका त्याच दिवशी वाटायची होती. जिल्हाभरातून फॉर्म आले. त्यात एक फॉर्म माझाही होता. म्हणजे ज्या पुस्तिकेतून माझं लग्न जुळायचं, ती टाइप करणारी मीच. काकांना त्याची भारी गंमत वाटायची. "स्वतःचं वजन बरोबर टाक हो," म्हणायचे.

माझा फॉर्म बाबांनी स्वतः भरला होता. बाबा पंचायत समितीत बाबू. आजोबाही कचेरीतच. आमच्या घरात कागदावर जे लिहिलं ते खरं, आणि जे तपासलं ते त्याहून खरं. मी शाळेतून निकाल आणला तरी बाबांचा पहिला प्रश्न, "बेरीज तपासली का?" दुकानातून साखर आणली तरी, "वजन तपासलं का?" आई चिडून म्हणायची, एक दिवस हे देवालाही विचारतील, माणूस तपासून नेला का म्हणून. तर अशा बाबांनी माझ्या फॉर्मात अपेक्षेच्या रकान्यात लिहिलं होतं, "नोकरीवाला. शेतीवाले क्षमस्व."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. खोटं कायले बोलू? मलाही तेच हवं होतं. सगळ्याच मुलींच्या फॉर्मात तेच होतं. ज्यांचे बाप स्वतः कापूस पेरत होते त्यांच्यासुद्धा. इतकं तेच ते की मी ती ओळ एकदा टाइप केली आणि पुढं नुसती चिकटवत गेले. शेतीवाले क्षमस्व, शेतीवाले क्षमस्व. कॉपी मारायला कितीसा वेळ लागतो!

मुलांच्या भागाची मांडणी मंडळानं ठरवून दिली होती. आधी डॉक्टर आणि इंजिनियर, मग सरकारी नोकरी, मग खाजगी, मग दुकानदार, आणि अगदी शेवटी शेती. डॉक्टरांचे फोटो मोठे, एका पानावर दोन. शेतीवाल्यांचे फोटो तिकिटाएवढे, एका पानावर दाटीवाटीनं. ती शेवटची पानं कोणी उलटतही नसे. मेळाव्यात लोक पुस्तिका घेत, खाजगी नोकरीपर्यंत येत आणि मिटून काखेत मारत. हे मी आधीची दोन वर्षं डोळ्यांनी पाहिलं होतं.

आता कामाची रीत सांगते, कारण सगळं त्यातच आहे. एका माणसाची माहिती म्हणजे एक छोटी फाइल, आणि त्याचा फोटो म्हणजे दुसरी. मी माझ्या मशीनवर टाइप करायची, काका त्यांच्या. विजेची लाइन कधी जाईल याचा नेम नाही. आठवडाभरात आमच्याकडे "अंतिम", "अंतिम नवीन", "हेच अंतिम" आणि "हेच अंतिम काकांचं" असे फोल्डर झाले, आणि खरं अंतिम कोणतं ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. काकांच्या नागपूरच्या भाच्यानं यावर उपाय म्हणून एका सीडीत एक लहानसं सॉफ्टवेअर पाठवलं. ते दोन फोल्डर समोरासमोर ठेवायचं आणि जिथं फरक असेल ती ओळ लाल करायचं. दुसरं बटण दाबलं की एकसारख्या फाइली कोणत्या ते शोधून काढायचं. त्याला मराठी मात्र वाचता येत नव्हतं. आमची अक्षरं त्याच्या पडद्यावर मुंग्या सांडल्यासारखी दिसायची. काय लिहिलं आहे ते त्याला कळत नसे, दोन ओळी सारख्या आहेत की नाहीत एवढंच कळे.

काका त्याच्यावर बेहद्द खूश होते. छपाईला जाण्याआधी काल ठेवलेली प्रत आणि आजची प्रत लावून पाहायची, आणि प्रत्येक लाल ओळीला "ही कोणी केली, काहून केली?" असं विचारायचं, असा त्यांनी नेम केला. त्याला कारण होतं. आधी एकदा एका लग्नपत्रिकेत नवरीच्या जागी करवलीचं नाव छापून गेलं होतं आणि वरात दुकानाच्या दारात येऊन भांडली होती.

तर एक दिवस मी सहज दुसरं बटण दाबून पाहिलं, आणि मशीन म्हणालं, दोन फोटो एकसारखे आहेत.

माझा विश्वास बसेना. कारण एकसारखे फोटो म्हणाल तर माझ्यापुढं ढीगभर होते. ढाणकीच्या फोटोवाल्याकडे एकच कोट आणि एकच लाल टाय होता, आणि त्या बाजूचा जो कोणी पोरगा फोटो काढायला जाई त्याला तो कोट चढवून उभा करी. मागं तोच निळा पडदा. त्यामुळं ढाणकीकडचे सगळे मला एकाच आईच्या पोटचे दिसायचे. पण मशीनला कोटाशी काय घेणं? त्यानं त्या सगळ्या कोटवाल्यांतून नेमके दोन बाहेर काढले. एक होता खाजगी नोकरीत आणि एक होता शेवटच्या पानावर. फोटोवाल्यानं सीडीवर दिलेली एकच फोटो-फाइल, दोनदा.

मी दोघांची माहिती उघडली. नाव तेच, जन्मगाव तेच. एकात लिहिलं होतं, "पुण्यात कंपनीत नोकरी." दुसऱ्यात, "घरची शेती." पहिला फॉर्म मामाच्या सहीचा, दुसरा बापाच्या.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "पाहा काका, काय बदमाश माणूस आहे! दोन्हीकडे जाळं टाकून बसला. दोन्ही उडवून टाकते."

"आपण कोण उडवनारे?" काका म्हणाले. "मशीननं दोन सारखे आहेत एवढंच सांगितलं. खरा कोणता ते त्याले माहीत नाही, आन् तुलेबी नाही. ज्याचं आहे त्याले विचार."

ही थट्टेची गोष्ट नव्हती. आदल्या वर्षी एका घराची खोटी माहिती भर मेळाव्यात उघडी पडली होती आणि मंडळानं त्या घराचा फॉर्म पुन्हा घेतला नव्हता. धाकट्या भावाचाही नाही. हे दोन फोटो तसेच छापले गेले असते तर या पोराचं लग्न तर गेलंच असतं, वर घराचा शब्दही गेला असता. बापाच्या फॉर्मवर गावातल्या किराणा दुकानाचा फोन नंबर होता. मी फोन लावला आणि निरोप ठेवला की ताबडतोब आर्णीला दुकानात या, नाही तर तुमचे दोन्ही फोटो कचऱ्यात जातील. किराणावाला घाबरून "हो जी, हो जी" करत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक माणूस पायरीशी चप्पल काढून आत आला. उन्हानं रापलेला, शर्टाला कापसाचे तंतू चिकटलेले.

"नमस्ते मॅडम. मले बलावलं होतं तुम्ही."

"कोण तुम्ही?"

त्यानं नाव सांगितलं. मी चेहरा निरखला, तरी ओळख पटेना. "तुमचा कोट कुठी आहे?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"तो फोटोवाल्याचा होता जी," तो म्हणाला. "वापस घेतला त्यानं."

खुर्चीत डोळे मिटून पडलेले काका खुसखुसले. मला आणखी राग आला. मी पडदा त्याच्याकडे फिरवला आणि दोन्ही नोंदी उघडून दाखवल्या. "तुम्ही एक आहात का दोन, ते आधी सांगा."

त्यानं वाचलं. पहिली वाचली, दुसरी वाचली, आणि त्याचे कान लालभडक झाले. तेवढ्यात लाइन गेली. बॅटरीनं थोडा वेळ टूंटूं केलं आणि तिनंही मान टाकली. आता लाइन आल्याशिवाय काही काढता येणार नव्हतं की ठेवता येणार नव्हतं.

"मामानं केलं असन," तो म्हणाला.

"असन काय? केलंच. मोठे हुशार आहेत तुमचे मामा."

"माया मायचा भाऊ आहे तो. तिचं रडणं पाह्यलं जात नाही त्याच्यानं." मग म्हणाला, "पाहुणे आलते मागं एकदा पाह्याले. बैठकीत कापूस भरलेला होता, भावच नव्हता तं इकू कुठी? त्यायले बसाले जागा नाही. कापसावरच सतरंजी टाकून देली. चहा पेले आन् गेले. मंग निरोपच नाही आला."

हे त्यानं रडत नाही सांगितलं. उलट हसला. म्हणाला, "पाहुण्यायच्या पॅन्टी पांढऱ्या झाल्त्या मागून." मला हसू आवरेना. राग धरून ठेवायचा म्हणून मी उठून माठातलं पाणी प्यायले.

पुण्याची नोकरीही सपशेल खोटी नव्हती. तो एका कारखान्यात काम करून आला होता. "नळ्या यायच्या पट्ट्यावरून," तो सांगू लागला. "एक नमुन्याची नळी समोर ठेवलेली. तिच्यासारखी असली तं जाऊ द्याची, वेगळी असली का बाजूले फेकाची. दिवसभर तेच."

"माझंही तेच काम आहे," मी म्हणाले.

"मंग तुम्ही कशा टिकून राह्यल्या जी? मी तं पळून आलो. आपल्या वावरात एका ओळीतलं झाड दुसऱ्यासारखं नसते. पाह्यत बसलं तरी दिवस जाते."

टपरीवरून चहा आला. तो टेबलावरची कच्ची पानं चाळू लागला. आम्ही तपासायला छापून ठेवलेली सगळी पुस्तिका तिथं होती. लोक करतात तसं त्यानं पुढून नाही उघडलं. मागून उघडलं. शेवटची पानं. तिथले लहान लहान फोटो त्यानं एकेक करून पाहिले. काही जण ओळखीचे निघाले, त्यांच्या गावांची नावं तो ओठातल्या ओठात घेत होता.

"आमचे फोटो लहान काहून जी?"

"पानं कमी पडतात," मी म्हणाले.

"डॉक्टरले नाही पडत?"

तो भांडत नव्हता. खरंच विचारत होता. मी त्याला चहा थंड होतो आहे म्हणून सांगितलं.

लाइन आली. मशीन सुरू केलं, दोन्ही नोंदी पुन्हा समोर आणल्या. "बोला, कोणती काढू?"

"पुण्याची काढा."

"विचार करा. शेवटची पानं कोणी उघडत नाही. मी दर साल पाहते. तुम्हाले कोणी विचारणार नाही."

खुर्चीत काकांचं घोरणं थांबलं होतं. त्यांचे डोळे मात्र मिटलेलेच.

"नाही विचारलं तं नाही विचारलं," तो म्हणाला. "एखादी पोरगी बिचारी पुण्याले जाचं म्हणून बॅग भरून येईन, आन् मी तिच्या हाती कापूस वेचाची झोळी देईन. असं कसं करू? तिनं मले जन्मभर काय म्हणावं?"

मी पुण्याची नोंद काढली. तो म्हणाला, खरंच गेली का, दाखवा. मी शोधायचं बटण पुन्हा दाबलं. एकसारखी फाइल एकही नाही, असं मशीननं सांगितलं. ते वाचून त्यानं एवढा मोठा श्वास सोडला की मला वाटलं, आतापर्यंत धरूनच ठेवला होता काय! मग काकांना "येतो जी" म्हणाला, मला हात जोडले आणि मोटरसायकलला किक मारून गेला. खुर्चीवर कापसाचा एक पुंजका राहिला. काकांनी डोळे उघडून तो फुंकून उडवला आणि मला म्हणाले, "कायच्या विचारात आहेस? काम कर."

मी काम केलं. सगळ्यात आधी फोटो सारखे केले. डॉक्टर असो, दुकानदार असो की शेतीवाला, सगळ्यांना एकच माप. मंडळाचे सचिव कच्चं पान पाहायला आले आणि ओरडलेच, "अरे, हे डॉक्टर लहान कसे झाले?" मी तोंड उघडणार तोच काका गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "नवीन सॉफ्टवेअर आहे जी. सगळ्यायले सारखंच करते. ऐकतच नाही." सचिव मशीनकडे भीतीनं पाहत निघून गेले. काका, तुम्ही आता वर आहात. या एका थापेसाठी चित्रगुप्त तुम्हाला काही बोलला असेल तर माझं नाव सांगा.

मग छपाईच्या आदल्या दिवशी, काका जेवायला गेले असताना, मी मुलींच्या भागात माझी स्वतःची फाइल उघडली. "नोकरीवाला. शेतीवाले क्षमस्व." इतक्यांदा चिकटवलेली ओळ, पण त्या दिवशी ती कोणी माझ्या तोंडावर म्हटल्यासारखी वाटली. क्षमस्व म्हणायला त्यांनी माझं काय बिघडवलं होतं? ती ओळ मी खोडली आणि तिथं लिहिलं, "खरं बोलणारा. शेती असली तरी चालेल." फाइल जतन केली. छाती अशी धडधडत होती की बाजूच्या मोटरसायकलवाल्यालाही ऐकू गेली असेल. घरी गेले, बाबांना जेवायला वाढलं, एक शब्द बोलले नाही.

आणि या सगळ्या गडबडीत मी काकांचा नेम साफ विसरले. लोकांच्या फायलींतला फरक दिवसभर शोधणारी मी, माझा स्वतःचा फरक कोणी शोधेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही!

सकाळी काकांनी कालची आणि आजची प्रत समोरासमोर लावली. मी पुस्तिकेच्या मुखपृष्ठाचा कागद घडी करत होते. मशीन थोडा वेळ गुरगुरलं.

"बाई," काका म्हणाले, "एक फरक दाखवून राह्यलं."

मी घडी करत राहिले.

"बाकी सगळं जसंच्या तसं आहे. एकच ओळ लाल आहे." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फाइलचा नंबर पाहिला, ती उघडली आणि वाचली. नक्कीच दोनदा वाचली, कारण चष्मा खाली आला आणि पुन्हा वर गेला. "कोणी केली?"

"मी."

"चुकून का मुद्दाम?"

"मुद्दाम, काका."

"तुया बाबाले माहीत आहे?"

"नाही."

"ते मले बोल लावतीन. म्हणतीन, तुमच्या दुकानात हे झालं कसं."

"लावतील," मी म्हणाले, आणि मला रडूच आलं. त्यांनी ती ओळ जुनी केली असती तर मी काही म्हणू शकले नसते. एक बटण दाबायचं होतं. दुकान त्यांचं, बाबांशी त्यांची वर्षानुवर्षांची ओळख, चूक दुरुस्त केली एवढंच ते सांगणार.

काकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. मग त्यांनी कच्च्या पानांतून माझं पान काढलं, नवी ओळ पेन्सिलनं तिथं उतरवली, खाली नेहमीसारखं "तपासले" लिहून सही केली. "माझं काम फरक पकडाचं," ते म्हणाले. "पकडला. तो चुकीचा आहे असं तू म्हणत नाही, तं मी कोण म्हणनारा? डोळे पूस. गिऱ्हाईक आलं तं वाटन मी मारलं तुले." पुस्तिकेची सीडी काढून ते मफलर गुंडाळून छापखान्यात जायला यवतमाळच्या बसमधे जाऊन बसले.

मेळाव्याच्या दिवशी कळंबला आम्ही आधी चिंतामणीचं दर्शन घेतलं. मी देवाला काय मागितलं ते सांगत नाही, त्याला माहीत आहे. मग मंगल कार्यालयात गेलो. दारातच पुस्तिका वाटत होते. बाबांनी एक घेतली, खुर्ची धरली, खिशातला पेन काढला आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. अध्यक्षांचं मनोगत, आभार, सगळं. मी शेजारी बसलेली. उठत होते, बसत होते. स्टेजवर मुलं एकेक करून ओळख देत होती, पुस्तिकेच्याच क्रमानं. डॉक्टर झाले, नोकरीवाले झाले. शेतीवाल्यांची पाळी आली तोवर आत पंगती बसल्या होत्या आणि निम्मा हॉल वरण-भाताकडे गेला होता. बाबा उठले नाहीत. त्यांचं वाचन संपायचं होतं.

त्यांचा पेन माझ्या पानावर आला आणि थांबला.

"हे छापण्यात चुकलं का?" बाबांनी विचारलं.

"नाही, बाबा."

"मी असं लिहून दिलं नव्हतं."

"नाही. मी बदललं."

स्टेजवर तो आला होता. कोट नव्हता, धुतलेला पांढरा शर्ट होता. माइकसमोर उभा राहून त्यानं नाव सांगितलं, गाव सांगितलं आणि म्हणाला, "शेती करतो. कापूस, तूर, थोडं सोयाबीन." रिकाम्या खुर्च्यांसमोर सुद्धा त्यानं ते स्पष्ट सांगितलं. मागून कोणीतरी हसलं. तो कोण, हे बाबांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

बाबांचं बोट माझ्या ओळीवरच होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि जन्मभर जे विचारत आले तेच विचारलं.

"काकांनी तपासलं?"

"तपासलं, बाबा. आदल्या दिवशीच्या प्रतीशी लावून पाहिलं. एवढा एकच फरक निघाला. त्यांनी सही केली."

बाबांनी पेनाला टोपण लावलं, खिशाला अडकवलं. आतून पंगतीतल्या वाढप्यांचा आवाज येत होता.

"तपासलेलं आहे म्हणते," ते स्वतःशीच बोलले. मग त्यांनी बोट ओलं केलं आणि पुस्तिकेची शेवटची पानं उघडली.